हात घातलेलं पाणी

मेघाने काचेची नळी गॅलरीच्या उजेडात धरली आणि तिच्या तोंडात शिवी आली. पाणी पुन्हा हिरवं.

अगदी गवतासारखं हिरवं नव्हे. पाणी तपासायच्या किटासोबत आलेल्या कार्डावर पिवळ्याच्या खालचा जो चौकोन होता, कच्च्या लिंबाच्या सालीसारखा, तसं. पण पिवळं नव्हतंच. पिवळं म्हणजे टाकीच्या पाण्यात अमोनिया नाही, खुशाल मासे सोडा. हिरवं म्हणजे आहे, सोडाल तर तडफडून मरतील. इतकी सरळ गोष्ट. आणि होळी होऊन गेली, घराघरांतून कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरून झाला, तरी ही सरळ गोष्ट तिला जमत नव्हती.

"काय म्हणते तुही नळी?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"आज नाई म्हणते, बाबा."

"काल तं हो म्हणे."

"तेच तं."

बाबनराव खिडकीजवळच्या खुर्चीत टाकीकडे तोंड करून बसलेले. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. उभी हयात हातमागावर गेली, मग माग मोडीत निघाले तशी इतवारीतल्या कापडाच्या दुकानात बसून ठाणं मोजण्यात गेली. रोज सकाळी गांधीसागर तलावावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, हा एकच त्यांचा शौक. लकवा मारल्यापासून गोळीबार चौकातल्या या घराचा जिना त्यांना उतरता येईना, म्हणून मेघाच्या नवऱ्याने, वैभवने, तलावच घरात आणला. दोन हात लांब काचेची टाकी, खाली गोटे, चार झाडं, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजाचा फिल्टर. टाकी विकणाऱ्याने त्याच दिवशी मासेही गळ्यात मारले. वैभवने नळाचं पाणी भरलं, मेघाने कोपरापर्यंत हात घालून गोटे लावले, मासे सोडले. आठवडाही निघाला नाही. एकेक मासा वर येऊन तोंड उघडू लागला, कल्ले लाल झाले, आणि शेवटचा मेला तेव्हा म्हातारा लेकरासारखा रडला.

सासू, जनाबाई, सुपलीत मेलेले मासे भरताना म्हणाली होती, "दृष्टच लागली. घरात नवा पाय आला का असं होते." मग जीभ चावून, मेघाच्या पोटाकडे पाहून हसली होती. "पोटातल्या पायाचं म्हणून राहिली मी, वं."

मेघा त्यावर हसली होती. तेव्हा ती प्रत्येक गोष्टीवर हसायची, कारण तिला इथे राहायचं होतं.

मेघा कन्हानची. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. वैभव कोष्ट्याचा. दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हा या घराने दार लावून घेतलं होतं. मानकापूरच्या भाड्याच्या खोलीत दोघांचा संसार चालला, आणि इकडून कुत्रंही विचारायला आलं नाही. मग म्हाताऱ्याला लकवा झाला, मग मेघाला दिवस गेले, आणि एका सकाळी जनाबाई स्वतः मानकापूरचा जिना चढून आली. हातात गोडाचा डबा. "झालं गेलं. घर तुमचं आहे. लेकरू आपल्या घरी आलं पाह्यजे." मेघाला तेव्हा भरून आलं. दोन बॅगा भरून दोघं आले. मानकापूरच्या खोलीला कुलूप लावलं, चावी वैभवच्या जुडग्यात राहिली.

आता खोलीवाला विचारत होता, ठेवता की सोडता. वैभवचं म्हणणं, सोडू, उगाच कशाला. मेघा टाळत होती. एकदा जेवताना फारच मागे लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबाचे मासे टाकीत जगले का त्या दिवशी चावी देऊन टाकू." गंमत म्हणून म्हणाली होती. पण बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, ती गंमत नव्हती. तिला काहीतरी कळून घ्यायचं होतं, आणि काय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तक्रार करावी असं एकही कारण नव्हतं. जनाबाई तिला फुलासारखी जपायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. "पाचवा महिना आहे, गॅसपुढे उभी नको राहू." माठाकडे वळली की पुढे व्हायची. "वाकू नको, मी देते." तिचा पाण्याचा ग्लाससुद्धा वेगळा ठेवला होता, काठावर लाल ठिपका दिलेला. "या दिवसांत कोणाचं उष्टं नको पोटात जायले." एकदा बाबनरावांनी पाणी मागितलं आणि मेघा उठली, तर जनाबाई आतून जवळजवळ धावत आली. मेघाने हे सगळं आईला, अंजनाबाईला, फोनवर कौतुकाने सांगितलं. आई नुसती "हं" म्हणाली. त्या "हं"वरून मायलेकींचं वाजलं होतं.

मासे मेल्यावर टाकीचं काम मेघाने स्वतःवर घेतलं. धरमपेठेतल्या ज्या रंगाच्या दुकानात ती काउंटरला होती, तिथून येताना ती सक्करदऱ्याच्या कवडूकडे थांबली. कवडूचं माशांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी, पण त्याच्या टाक्यांतले मासे जिवंत असायचे.

"मेले नसते तं नवल," कवडू म्हणाला. "टाकी कच्ची होती, ताई. माशाची घाण, उरलेलं खाणं, त्याचा अमोनिया होते. तो खाणारे जिवाणू स्पंजात बसाले लागते. ते बसले का टाकी पिकली. तोवर मासा सोडणं म्हणजे त्याले मोरीत कोंडणं आहे."

"मग आता काय करू?"

"मासे नसताना चिमूटभर खाणं टाकत जा. जिवाणू पोसा. आणि हे किट घ्या, पाणी तपासत जा. अमोनिया चढंल, मग उतरंल, मग उतरलेलाच राहीन. तेव्हा या, मासे देतो. त्याच्या आधी पैसे दाखवले तरी देणार नाई."

मेघा रिकाम्या टाकीत चिमूट टाकू लागली. जनाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "मासे नाई अन् पंगत चालू." अमोनिया चढला, कवडू म्हणाला तसा. उतरलाही. तेव्हा टाकीचं काम वैभव पाहत होता, कारण मेघाच्या दुकानात सणाच्या रंगाची गर्दी होती. नळी पिवळी आली. मग वैभवची मौद्याच्या प्लांटवर शिफ्ट बदलली, मेघाने काम पुन्हा हातात घेतलं, आणि नळी हिरवी झाली. मग दोन दिवस पिवळी. मग पुन्हा हिरवी. काही ताळच नाही. चढत राहिला असता तर समजलं असतं. हे म्हणजे कोणीतरी मुद्दाम चिडवतंय असं.

तिची झोप उडाली. दुकानात गिऱ्हाइकापुढे शेडकार्ड उघडलं की तिला त्यात तेच दोन चौकोन दिसायचे. पाय एका जागी ठरेनात. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी टाकीकडे, नळीत पाणी, थेंब, हलवणं, आणि मग रंग यायची ती वाट. तेवढा वेळ ती गॅलरीत येरझाऱ्या घालायची. खालचा इस्त्रीवाला वर पाहून म्हणायचा, "वहिनी, डॉक्टरनं चालाले सांगतलं वाटते."

ती पुन्हा कवडूकडे गेली.

"किट खराब आहे तुमचं."

"आणा इकडं." त्याने आपल्याच टाकीचं पाणी तिच्या किटाने तपासलं. पिवळं. मग तिने बाटलीत आणलेलं घरचं पाणी त्याने स्वतःच्या किटाने तपासलं. हिरवं. "किट चांगलं आहे. आता सांगा, तपासता कसं? किटातली दुसरी बाटली ठोकून ठोकून हलवता का? तिच्यात गाळ बसते."

"हलवते."

"रंग कुठं पाहता? पिवळ्या बल्बाखाली पाह्यलं तं सगळंच हिरवं दिसते."

"कवडूभाऊ, मी रंगाच्या दुकानात आहे. लोकाइले मीच सांगते, शेड उन्हात पाहा म्हणून. गॅलरीत पाहते, कार्डाले नळी टेकवून."

"नळी कायनं धुता?"

"टाकीच्याच पाण्यानं. साबण नाई लावत."

"नळाचं पाणी तपासलं?"

"पिवळं."

कवडूने डोकं खाजवलं. "अन् हलवताना तोंड कायनं बंद करता?"

मेघाने अंगठा दाखवला. झाकण सैल झालं होतं, पाणी गळायचं, म्हणून ती नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हलवायची.

"हे घ्या. सापडला चोर," कवडू म्हणाला. "घामात बी असते ना तो. तुमचाच हात आहे, ताई."

त्या संध्याकाळी जेवताना तिने हे हसत हसत सांगितलं. "माह्या हातातच आहे म्हणे अमोनिया. मीच पाणी खराब करून राहिली."

जनाबाईची पळी वरणात थांबली. बाबनरावांनी घास तसाच धरला. वैभव मोबाइल पाहत जेवत होता, त्याला काही कळलं नाही.

"कोण म्हणे असं?" जनाबाईने विचारलं.

"दुकानवाला. घामात राहते म्हणे."

"हो न," जनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सैल पडला. "घाम तं सगळ्याइलेच येते." आणि तिने मेघाच्या ताटात वरून, हात लांब ठेवून, तुपाची धार सोडली. नेहमीपेक्षा जास्त.

मेघाने नवं झाकण घेतलं. औषधाच्या दुकानातून रबरी हातमोजे आणले. टाकीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत हात घासायची, कातडी कोरडी पडली. तरी हिरवं. बसमध्ये दांडा धरताना ती स्वतःच्या बोटांकडे पाहायची. हाताचा वास घेऊन पाहायची. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती कन्हानला जाऊन राहिली, तेव्हा टाकी वैभवकडे सोपवली. वैभवने काय करावं, तर्री-पोहे हाणून, हात पँटला पुसून पाणी तपासलं आणि फोटो पाठवला. पिवळा. तिने त्याला गॅलरीत पाठवलं, कार्ड लावायला लावलं, पुन्हा फोटो मागवला. पिवळा. दुसऱ्या दिवशी, पिवळा. तिसऱ्या दिवशी, पिवळा.

"तर्रीचा हात चालते अन् माहा धुतलेला चालत नाई," मेघा आईला म्हणाली.

अंजनाबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "तुह्या हातात जहर आहे का वं?" असं गंमतीनेच विचारलं. पण मग तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला, आणि तो थांबलेला हात मेघाला पुढे बरेच दिवस दिसत राहिला.

घरी आल्यावर मेघाने बाही वर सारली तशी खुर्चीतून बाबनराव म्हणाले, "राहू दे. वैभवच करंल ते. तू नको घालू हात."

"काहून, बाबा?"

"असंच."

त्यांनी नजर टाकीकडे वळवली. रिकाम्या टाकीत पाहण्यासारखं काय होतं? बुडबुडे.

ते "असंच" तिच्या अंगात खाजकुयलीसारखं शिरलं. धरमपेठेत दिवसभर ते तिला टोचत राहिलं. दुपारी एक बाई भांडायला आली, तुमच्या रंगाला पोपडे आले म्हणून. मेघाने तिला नेहमीचं सांगितलं, "सगळं एकदम बदलू नका, ताई. आधी प्रायमर बदलून एक हात मारून पाहा. मग भिंत वेगळी घेऊन पाहा. एकेक बदला, दोष कुठं आहे ते आपोआप सापडते." बाई गेली. मेघा आपल्याच बोलण्याकडे पाहत बसली. वैभवचा हात आणि पिवळं, आपला हात आणि हिरवं. पण हात आणि नळी यांच्या मधे आणखी काहीतरी होतं. दिवस होता अख्खा, आणि त्या दिवसभर ती घरी नसायची.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीप्रमाणे उठली. टाकी तपासली, पिवळी. मग जनाबाई देवघरातून बाहेर आली तशी मेघाने हातमोजे बाजूला फेकले, बाही खांद्यापर्यंत नेली आणि उघडा हात टाकीत घातला. झाड सरळ केलं. गोटे चाळवले. सावकाश, पाहणाऱ्याला नीट दिसेल इतक्या सावकाश. हात पुसला आणि पुन्हा तपासलं. गॅलरीत येरझाऱ्या घातल्या, कार्डाला नळी टेकवली.

पिवळी. तिच्या हातात काहीही नव्हतं.

"येते, आई," असं म्हणून तिने पर्स उचलली, जिना उतरली, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तो काहीतरी विचारत होता, तिचे कान जिन्याकडे होते. पोटातलं लेकरू लाथा मारू लागलं. मग तिने चपला खालीच काढल्या आणि ती परत वर चढली.

दाराला नेहमीचा पडदा. पडद्याच्या फटीतून टाकी सरळ दिसायची.

जनाबाई टाकीपाशी उभी होती. हातात ती बाटली, देवघरातली, गोशाळेतून आणलेल्या गोमूत्राची. सणाला उंबऱ्यावर शिंपडताना मेघाने ती पाहिली होती. जनाबाईने झाकण भरलं आणि टाकीत ओतलं. मग दोन बोटांनी टाकीच्या काठावर शिंपडलं, गॅलरीच्या उंबऱ्यावर शिंपडलं, जिथे मेघा उभी राहून नळी पाहायची तिथे. रागाने नाही. लपून नाही. दुधाला विरजण लावावं तशी, हाताला रोजची सवय असलेल्या बाईसारखी. म्हातारा खुर्चीतून हे पाहत होता. त्याला पडद्याआड मेघा दिसली. दोघांची नजर मिळाली, आणि त्याने मान खाली घातली.

मेघा आत आली.

"काय विसरली वं?" जनाबाई म्हणाली. बाटली तिने पदराखाली घेतली नाही. तेवढंही तिला सुचलं नाही.

"बाटली द्या, आई."

"कायले?"

"द्या."

वैभव रात्रपाळी करून झोपला होता, बनियनवर बाहेर आला. "काय झालं?"

"काही नाई झालं. पाणी तपासून राहिली," मेघा म्हणाली. तिने दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत प्यायचं स्वच्छ पाणी भरलं. एका नळीत बाटलीतला एक थेंब टाकला. मग दोन्हींत किटाचे थेंब मोजून सोडले, झाकणं लावली, हलवल्या आणि गॅलरीच्या कठड्यावर, उन्हात, शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"आता थांबा जरा," ती म्हणाली. "याले वेळ लागते."

चौघंही थांबले. खालून इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता. थांबणं जनाबाईला झेपेना.

"अवं, ते तं आम्ही घरात सगळीकडंच शिंपडतो."

"कधी?"

"सणावाराले."

"आज कोणता सण आहे, आई?"

जनाबाईने देवघराकडे पाहिलं.

"वैभव टाकीत हात घालते, तेव्हा बी टाकता का?"

"मेघा," वैभव म्हणाला.

"तू थांब. मी आईले विचारून राहिली."

एक नळी पिवळी होऊन राहिली. दुसरी आधी लिंबासारखी झाली, मग पानासारखी, मग इतकी गडद की कार्डावर तसा चौकोनच नव्हता. मेघाने ती उचलून जनाबाईच्या डोळ्यांपुढे धरली.

"हे आहे टाकीत. माहा हात नव्हता."

जनाबाई खाली बसली. रडू आलं तिला, पण रडता रडता ती बोलली ते सरळ बोलली. "तुह्यावर माया नाई का माही? कोणती सासू करते इतकं सुनेचं? सोता जिना चढून आली मी तुह्या दारी. लेकरासाठी दुपटी शिवून राहिली. पण हे मनातून जात नाई, त्याले काय करू? झाकणभर टाकते, मले बरं वाटते, संपलं. तुले काही बोलली का कधी? तुले काय तरास होता त्याचा?"

"मासे मरतात, आई."

"ते पहिलेचे तं..."

"त्या दिवशी गोटे कोणी लावले होते टाकीत? मी. कोपरापर्यंत हात घालून. तेव्हा टाकलं होतं का?"

जनाबाईने पदराने डोळे पुसले, आणि ते पुसणंच उत्तर होतं. पहिले मासे कच्च्या टाकीने मेले की या बाटलीने, हे आता कोणतीच नळी सांगणार नव्हती.

मेघा सासऱ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही रोज पाहत होते."

"मले वाटलं, सोडून देईन ते हळूहळू," बाबनराव म्हणाले. जीभ जड, एकेक शब्द ओढून आणलेला. "तिले बोललो असतो तं तिले दुखलं असतं."

"अन् मासे तुमचे होते."

म्हाताऱ्याने चांगल्या हाताने मेला हात धरून ठेवला.

वैभवने बाटली उचलली, गॅलरीतून हात लांब करून खालच्या नालीत उपडी केली. "घे. झालं. संपला विषय. आई जुनी आहे, मेघा. मी बोलतो तिच्याशी. तू बस आधी, या दिवसांत इतका ताण..."

"माहा ग्लास कोणता आहे, वैभव?"

"काय?"

"पाण्याचा. या घरात माहा ग्लास कोणता?"

त्याला माहीत नव्हतं. खरोखर माहीत नव्हतं, आणि मेघाला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

"लाल ठिपक्याचा," ती म्हणाली. "आता तुह्या ग्लासावर कोणता ठिपका आहे, ते सांग."

वैभव स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिला. तिथे रॅकवर सगळे ग्लास उपडे होते, आणि लाल ठिपक्याचा एक, एकटा, खालच्या खिडकीत. तो रोज त्याच्या समोर होता.

मेघाने फिल्टरचा खटका बंद केला. दुकानातून आणलेला रंगाचा रिकामा डबा, पाणी बदलायला ती तो धुऊन वापरायची, टाकीत बुडवून अर्धा भरला. मग हात घालून स्पंज सोडवला आणि डब्यातल्या पाण्यात ठेवला. काळपट, शेवाळल्यासारखा, घाणेरडा दिसणारा स्पंज. तिने पोसलेलं जे काही होतं ते त्यात होतं. झाकणभर गोमूत्र रोज पचवून जगलेले ते जिवाणू. समोर येईल ते खाणारे. कोणाचं आहे म्हणून न विचारणारे.

"टाकी बाबाची आहे," ती म्हणाली. "गोटे, झाडं, सगळं त्याइचं. हे माहं आहे."

दाराशी खिळ्याला वैभवचं जुडगं लटकत होतं. तिने त्यातून मानकापूरची चावी काढली. कडी घट्ट होती, नख मोडलं.

"अन् मी?" वैभवने विचारलं.

"तुहा हात दोन्हीकडं चालते," ती म्हणाली. "तू ठरव."

जनाबाई उठली, दारापर्यंत आली. "डबा जड आहे, उचलू नको अशा दिवसांत," असं तिच्या तोंडून निघालं. हे तिने मायेनेच म्हटलं होतं. मेघाला तेही कळलं, आणि कळलं म्हणून तिचा जिना अधिकच अवघड झाला. खाली तिने चपला घातल्या, ऑटो थांबवला, डबा मांडीवर पोटाला टेकवून धरला. ऑटोवाला म्हणाला, "रंग सांडन ना, मॅडम?" ती म्हणाली, "रंग नाई. जिवंत आहे."

मानकापूरच्या खोलीत धूळ होती, भिंतीला आधीच्या पावसाची ओल होती. कवडूकडून छोटी टाकी आली, तिच्यात स्पंज लागला. तिने सवयीने चिमूट टाकली, सवयीने उठून तपासलं. वैभव शिफ्ट संपली की यायचा, जेवायचा, कधी थांबायचा, कधी गोळीबार चौकात जायचा. तिथे काय बोलणं होतं ते तिने विचारलं नाही. पाय अजून ठरत नव्हते. इथे गॅलरी नव्हती, म्हणून ती जिन्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालायची.

एका सकाळी ती अशीच नळी घेऊन जिन्यात उभी असताना फोन वाजला. वैभवचा नंबर, पण आवाज बाबनरावांचा. दम घेत घेत.

"काय म्हणते तुही नळी?"

तिने नळी उजेडात धरली. कार्ड टेकवलं. उगाच घाई नको म्हणून पुन्हा एकदा पाहिलं.

"हो म्हणते, बाबा. चार-पाच दिवसांपासून हो म्हणून राहिली. आज मासे आणते."

"मले पाहाले येऊ देशीन का?"

मेघा पायरीवर बसली.

"या. वैभवले म्हणा, धरून आण. जिना सरळ आहे." ती थांबली. "पण बाबा, इथं पाणी मी भरते. ग्लास सारखेच आहेत, ठिपका नाई कोणाले. प्यान का नाई, ते घरून ठरवून या. इथं आल्यावर तहान नाई म्हणू नका."

पलीकडे कूलरचा आवाज येत होता, आणि भांडं खाली ठेवल्याचा, जवळच. म्हणजे जनाबाई तिथेच होती, ऐकत होती. बाबनरावांनी फोन ठेवला नाही. मेघानेही ठेवला नाही.